हॉलमधले फोटो एकाआड एक काळवंडतात, व्हिडिओ लुकलुकतो: दोष दिव्यांचा, उपाय शटरचा

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "दिवसा मैदानावर फोटो छान येतात. संध्याकाळी हॉलमध्ये त्याच कॅमेऱ्याने काढले की काही काळपट, काही पिवळट, आणि एखाद्यात अर्धी चौकट उजळ, अर्धी अंधारी. सेटिंग तर एकच होती. कॅमेरा सर्व्हिसला टाकू का?"

इंदूरमध्ये हा प्रश्न मला मल्लखांबाच्या स्पर्धांनंतर विचारला जातो, शाळांच्या हॉलमधल्या टेबल टेनिस आणि बॅडमिंटननंतर विचारला जातो, आणि थंडीत रात्रीचं टेनिस बॉल क्रिकेट सुरू झालं की हमखास. विचारणारे बहुतेक आईवडील, क्लबचे दादा-ताई, नाहीतर नुकताच पहिला कॅमेरा घेतलेली कॉलेजची मुलं. सगळ्यांना माझं पहिलं उत्तर एकच: सर्व्हिसला टाकू नका, नवा कॅमेराही घेऊ नका. आधी पुढची पाच मिनिटांची तपासणी करा.

दिवा खरं तर सतत जळत नाही

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखर गाठतो आणि दोनदा शून्यावर येतो, म्हणून ट्यूबलाइट, मेटल हॅलाइड आणि स्वस्त ड्रायव्हरचे (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाचे) एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण खेळासाठी आपण १/१००० शटर लावतो, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच उजेड आत येऊ देतो. दिव्याचं एक चक्र एक शतांश सेकंदाचं. त्या चक्राचा फक्त दहावा भाग तुमच्या फोटोत उतरतो. तो शिखराचा असला तर फोटो उजळ, दरीतला असला तर काळा. काही दिव्यांचा तर चक्रभर रंगही बदलत असतो, म्हणून पिवळट आणि हिरवट फोटो एकाच मालिकेत सापडतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणारी सेटिंग, कितीही नीट लावला तरी हा रंग धरता येत नाही, कारण तो प्रत्येक फोटोत निराळा असतो.

अर्धी चौकट अंधारी होण्याचं कारण त्याच्या पुढचं आहे. १/१००० ला यांत्रिक शटरचे दोन पडदे एकामागोमाग एक धावतात आणि त्यांच्यामधली फट उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरून सरकत जाते. पडद्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण तीन ते चार मिलिसेकंद लागतात. म्हणजे चौकटीची एक कड दिवा भरात असताना नोंदली जाते आणि दुसरी कड दिवा उतरत असताना. कॅमेरा आडवा धरला तर हा फरक वर-खाली दिसतो, उभा धरला तर डावीकडे-उजवीकडे. मल्लखांब आपण उभ्या चौकटीत काढतो, त्यामुळे खांबाच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावट येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं तिकडचा दिवाच बंद होता.

इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, म्हणजे कॅमेरा आवाज न करता फोटो काढतो तो प्रकार, तर गोष्ट आणखी बिघडते. नेहमीच्या सेन्सरला सगळ्या ओळी वाचून काढायला एक तिसांश सेकंदाच्या आसपास वेळ लागू शकतो. तेवढ्यात दिवा तीनदा उजळून मंदावतो. फोटोवर तीन पट्टे. ज्यांचे फोटो पट्टेरी येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी खेळाडूंना त्रास नको म्हणून चांगल्या भावनेने सायलेंट मोड लावलेला असतो.

हा दोष मनमानी का वाटतो तेही सांगतो, कारण त्यामुळेच लोक कॅमेऱ्यावर संशय घेतात. समजा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. दोन फोटोंमध्ये दिव्याची बरोबर दहा चक्रं होतात, म्हणून सगळे फोटो एकाच टप्प्यावर पडतात आणि सारखे दिसतात. पण कॅमेऱ्याचा वेग नेमका दहा नसतो आणि वीजही नेमकी ५० वर उभी नसते. आपल्या ग्रिडची ठरलेली मर्यादाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. त्यामुळे टप्पा हळूहळू सरकतो. सुरुवातीचे फोटो ठीक, मग गडद होत जाणारे, मग पुन्हा ठीक. एका मॅचला सगळं छान आणि दुसऱ्या मॅचला घोळ, सेटिंग तीच.

आधी खात्री करा

खेळ सुरू व्हायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये हे करा. मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) स्वतः ठरवलेला, फ्लॅश बंद, व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. शटर यांत्रिक ठेवा. समोरच्या रंगवलेल्या भिंतीवर रोखून १/१०० ला पंधरा-वीस फोटोंची एक सलग मालिका काढा. मग शटर १/१००० करा, आयएसओ त्या प्रमाणात वाढवा, आणि पुन्हा तशीच मालिका काढा.

पहिली मालिका एकसारखी आणि दुसरी कमी-जास्त असेल तर दोष दिव्यांचा. दोन्ही एकसारख्या असतील तर दिवे चांगले आहेत, मोकळेपणाने शटर वाढवा. दोन्ही कमी-जास्त असतील तर भानगड कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मोबाइलवरही अंदाज येतो. स्लो मोशन लावून दिव्यांकडे रोखा. जे दिवे पडद्यावर धडधडताना दिसतात ते त्रास देणार. कधीकधी हॉलच्या अर्ध्याच भागातले दिवे तसे असतात, आणि मग जागा बदलल्यानेच अर्धं काम होतं.

फोटोंसाठी: आधी मेनूत एक पर्याय शोधा

बऱ्याच कॅमेऱ्यांत यावर थेट उपाय दिलेला असतो आणि तो बंद पडून राहिलेला असतो. कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये अँटी-फ्लिकर शूटिंग आणलं. निकॉनच्या डी ५०० मध्ये ते २०१६ मध्ये फ्लिकर रिडक्शन या नावाने आलं. सोनीच्या ए सेव्हन थ्री मध्येही २०१८ पासून आहे. त्यानंतरच्या मधल्या आणि वरच्या श्रेणीच्या बहुतेक मॉडेलांत मिळेल. सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलांत नसूही शकतं, पण मेनू एकदा शेवटपर्यंत चाळून पाहा.

कॅमेरा दिव्याचं चक्र ओळखतो आणि बटण दाबल्यावर शिखर येईपर्यंत क्षणभर थांबून शटर सोडतो. हा उशीर एका चक्राच्या आतलाच, एक शतांश सेकंदाहून कमी. १/१००० ला पडद्याचा प्रवास शिखराच्या आसपास पडतो म्हणून चौकटही सारखी उजळते. सलग फोटोंचा वेग थोडा उतरतो. तो उतरू द्या. सेकंदाला सहा चांगले फोटो दहा संशयास्पद फोटोंपेक्षा मोलाचे.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत हा पर्याय यांत्रिक शटरवरच चालतो, त्यामुळे सायलेंट मोड आणि हा पर्याय एकत्र जमत नाहीत. तो सेकंदाला १०० किंवा १२० वेळा होणारी लुकलुकच ओळखतो. डिमर लावलेल्या काही एलईडींची लुकलुक कितीतरी जलद असते, ती त्याच्या हाती लागत नाही. आणि फोटो कायम शिखरावर निघत असल्याने कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मीटरने सांगितल्यापेक्षा उजळ येतात. पांढऱ्या जर्सीवरचे तपशील उडतात. पर्याय चालू केल्यावर दोन-चार फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहा आणि गरज असेल तर आयएसओ उतरवा.

पर्याय नसेल तर: १/१०० आणि क्षणाची निवड

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण इंदूरच्या मराठी घरांतल्या किती मुली-मुलांचे फोटो या एका कारणाने वाया जाताना मी पाहिलेत. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. मुलं वर्षभर घाम गाळतात. स्पर्धेचा संच, म्हणजे सलग कसरतींची मालिका, मोजक्या वेळात संपतो, आणि घरी गेल्यावर फोटोत काळी सावली.

१/१०० शटर म्हणजे दिव्याचं नेमकं एक पूर्ण चक्र. ते शिखरावर सुरू होवो की दरीत, एकूण उजेड तेवढाच मिळतो. म्हणून १/१०० ला फोटो सारखे येतात, रंगही टिकतो. १/५० म्हणजे दोन चक्रं, तेही सुरक्षित. १/१२५ ला थोडा फरक पडतो, बहुतेक ठिकाणी चालून जातो. १/२०० च्या पुढे जुगार सुरू होतो.

यावर लगेच प्रश्न येतो: १/१०० ला खेळ गोठेल का? हिशोब मांडून पाहू. सेकंदाला सहा मीटर वेगाने जाणारा कबड्डीचा चढाईपटू १/१००० मध्ये सहा मिलिमीटर सरकतो आणि १/१०० मध्ये सहा सेंटिमीटर. पहिला फोटो धारदार, दुसरा पुसट. म्हणजे धावणाऱ्या माणसासाठी १/१०० निरुपयोगी. पण प्रत्येक खेळात शरीर जवळजवळ थांबतं असे क्षण असतात, आणि मल्लखांब तर अशा क्षणांनीच भरलेला आहे.

ताजवा घेतलेली मुलगी, खांबाच्या टोकावर तोललेलं आसन, दोरीवर पायाच्या पकडीत सोडलेले दोन्ही हात: इथे शरीर स्थिर ठेवण्यालाच गुण आहेत. ती पकड पक्की झाली की एक श्वास जाऊ द्या आणि मग बटण दाबा. सलामीही तशीच. अढी, बगली, फिरकी या मल्लखांबाच्या प्रकारांत मात्र शरीर सतत वळत असतं. तिथे १/१०० ला हात-पाय पुसट येणारच, म्हणून त्या क्षणांचे फोटो कमी काढा आणि एका उडीतून दुसरीत जाताना जिथे गती उलटते ते टोक शोधा. सराव बघितलेला असेल तर ते टोक कधी येणार हे आधीच कळतं. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की स्पर्धेच्या आधी एकदा सरावाला जाऊन बसा, कॅमेरा न काढता. सरांना विचारा, संच कसा बांधलाय. सर आनंदाने सांगतात.

उडीच्या माथ्याचंही तसंच आहे. शरीर हवेत सर्वांत वर पोचतं तेव्हा त्याचा वर-खाली वेग शून्य असतो. माथ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा मिळून एक दशांश सेकंद घेतला तरी गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने शरीर उभ्या दिशेत जेमतेम सव्वा सेंटिमीटर हलतं. बास्केटबॉलचा जंप शॉट, बॅडमिंटनची उडी मारून केलेली स्मॅश, व्हॉलीबॉलचा ब्लॉक: चेहरा आणि धड धारदार मिळतं, रॅकेट पुसट येते. पुसट रॅकेटचा फोटो वाईट नसतो. काळवंडलेल्या चेहऱ्यापेक्षा तर शंभरदा चांगला.

कॅमेरा मात्र हलता कामा नये. १/१०० ला लांब लेन्स हातात धरून काढायची तर एकदांडी मोनोपॉड घ्या. लेन्समधलं स्थिरीकरण चालू ठेवा, पण ते तुमचा हात सावरतं, खेळाडूचा पाय नाही, हे विसरू नका. "स्टॅबिलायझेशन चालू आहे तरी मुलगा पुसट का?" हा प्रश्न यातूनच येतो.

टेबल टेनिसला मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. सर्व्हिसपूर्वीची एकाग्र नजर आणि पॉइंट जिंकल्यावरची मूठ १/१०० ला मिळते, पण फटका नाही. फटका हवा तर अँटी-फ्लिकर असलेला कॅमेरा मागून आणा, किंवा जास्त फोटो काढून त्यातले उजळ तेवढे ठेवा. दुसरा मार्ग ओबडधोबड आहे, पण दिव्यांची लुकलुक अर्धवटच असेल तर पुरेसे फोटो हाती लागतात.

उजेड मोजा, मग लेन्स ठरवा

शटर ठरल्यावर उरलेला प्रश्न आयएसओचा. साधारण ३०० लक्स उजेड असलेल्या हॉलमध्ये एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) आणि १/१००० ला आयएसओ ६४०० च्या आसपास लागतो. त्याच जागी कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स पूर्ण झूमवर एफ/५.६ देते आणि आयएसओ २५६०० वर जातो. इथे बरेच जण हताश होऊन नवा कॅमेरा बघायला लागतात. माझं ठाम मत असं की पैसे लेन्समध्ये घाला. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बऱ्याच कंपन्यांकडे स्वस्तात मिळणारी लेन्स एफ/५.६ च्या सुमारे दहापट उजेड आत घेते. शाळेच्या हॉलमध्ये मॅटच्या कडेला बसून ती पुरते. थोडं लांब बसावं लागलं तर ८५ मिलिमीटर एफ/१.८. फोकसची खोली कमी होते, म्हणून सतत फोकसचा मोड लावा आणि फोकसचा चौकोन खेळाडूच्या चेहऱ्यावर किंवा छातीवर ठेवा, मागच्या पडद्यावर नाही.

आणि आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका. दाणेदार पण धारदार फोटो छापून भिंतीवर लावता येतो. आयएसओ वाचवायला शटर उतरवून पुसट केलेला फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

फ्लॅशचं नाव काढू नका. खांबावर उलट्या लटकलेल्या मुलाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं धोक्याचं आहे. आयोजकांनी मनाई केलेली नसली तरी वापरू नका.

व्हिडिओ लुकलुकतो तेव्हा

व्हिडिओत उपाय सोपा आहे, पण लोक चुकीच्या देशाची सेटिंग लावून बसतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, म्हणून तिथून येणारे शिकवणीचे व्हिडिओ ३० किंवा ६० फ्रेम आणि १/६० किंवा १/१२० शटर सांगतात. तिकडे ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे १/६० म्हणजे दिव्याची एक पूर्ण आणि दोन तृतीयांश चक्रं. प्रत्येक फ्रेमला वेगळा उजेड मिळतो आणि सगळा हॉल धडधडतो.

आपल्याकडे मेनूत व्हिडिओची पद्धत पाल (५० हर्ट्झसाठीची) करा, एनटीएससी (६० हर्ट्झसाठीची) नको. मग २५ फ्रेमला १/५० किंवा ५० फ्रेमला १/१०० शटर. फ्रेमच्या दुप्पट शटर ठेवावं म्हणजे हालचाल नैसर्गिक दिसते असा व्हिडिओवाल्यांचा जुना नियम आहे. आपल्या विजेच्या वारंवारतेत तो नियम आणि दिव्यांची गरज एकमेकांत बरोबर बसतात. खेळासाठी मी ५० फ्रेम आणि १/१०० सुचवतो. मागाहून अर्ध्या वेगाने दाखवायचं झालं तरी चालतं आणि कबड्डीची पकड नीट दिसते.

कॅमेऱ्यात पाल नसेलच, किंवा आयोजकांनी ३० फ्रेमच मागितल्या असतील, तरी शटर १/१०० किंवा १/५० लावा. लुकलुक थांबते, कारण ती फ्रेमच्या संख्येपेक्षा शटरवर अवलंबून असते.

स्लो मोशनला मात्र फ्रेमची संख्याही महत्त्वाची होते. १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा हळू जाऊच शकत नाही, म्हणजे दिव्याचं पूर्ण चक्र कधीच मिळत नाही. सेकंदाला १२० फ्रेम आणि १०० लुकलुक यांच्यातला २० चा फरक फुटेजमध्ये ठोक्यासारखा उतरतो, आणि २५ फ्रेमवर संथ केलं की सेकंदाला चार वेळा हॉल उजळतो-मंदावतो. कॅमेऱ्यात १०० फ्रेमचा पर्याय असेल, जो पालवर गेल्यावर बऱ्याचदा दिसू लागतो, तर तोच घ्या, शटर १/१००. मोबाइलचं २४० फ्रेमचं स्लो मोशन अशा दिव्यांत वापरण्यात अर्थ नाही. ते दिवसाच्या उजेडासाठी ठेवा.

मोबाइलवाल्यांसाठी: आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ इथे शो पाल फॉरमॅट्स चालू करा, २५ फ्रेमचा पर्याय येतो. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला स्थिर करा. काही फोनांच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा अँटी-बँडिंग नावाने ५० आणि ६० हर्ट्झमधली निवड असते, तिथे ५०.

मागे मोठा एलईडी पडदा किंवा स्कोअरबोर्ड असेल आणि फक्त त्याच्यावर बारीक पट्टे दिसत असतील तर तो वेगळा प्रकार आहे. त्या पडद्यावरचं चित्र ताजं होण्याची गती निराळी असते. शटर १/१०० च्या आसपास थोडंथोडं सरकवून पाहा, किंवा चौकट अशी धरा की पडदा बाहेर राहील.

मूळ दुरुस्ती हॉलमध्ये

फोटोग्राफरने हे करायचं नसतं, पण क्लबच्या समितीत असाल तर वाचा. तीन फेजच्या विजेत प्रत्येक फेजचं शिखर वेगळ्या वेळी येतं. शेजारशेजारचे तीन दिवे तीन वेगळ्या फेजवर टाकले तर एकाच्या दरीत दुसऱ्याचं शिखर येतं आणि मॅटवर पडणारा एकूण उजेड जवळजवळ सपाट होतो. तिन्ही दिवे सारखे असतील तर गणिताने लुकलुक पूर्ण कटते. प्रत्यक्षात एकाच दिव्याच्या अगदी खाली थोडी उरते, पण फोटो बिघडण्याइतकी नाही. लहान हॉलमध्ये बऱ्याचदा सगळे दिवे एका फेजवर टाकलेले असतात, कारण वायर कमी लागते.

लाइटवाल्या भैयांना एवढंच विचारा: "भैया, सारी लाइटें एक ही फेज पे हैं क्या? तीनों में बाँट सकते हैं?" हॉलला तीन फेजची जोडणी असेल तर हे काम जाणकाराला अवघड नाही. स्वतः बोर्डला हात लावू नका.

नवे एलईडी घेत असाल तर ड्रायव्हर फ्लिकर-फ्री आहे का ते विचारा, आणि दुकानातच मोबाइलच्या स्लो मोशनने तपासा. धडधडला तर घेऊ नका. होळकर स्टेडियमवर प्रकाशझोतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचं प्रक्षेपण होतं तेव्हा अतिसंथ रिप्लेही स्थिर दिसतात, त्यामागे प्रकाशाच्या याच बाजूची तयारी असते. आपल्या हॉलला तेवढा खर्च करायची गरज नाही. फेज वाटून घेतल्या तरी मोठा फरक पडतो.

तपासणीत दोन्ही मालिका बिघडल्या असतील तर

मग ही चार कारणं पाहा. ऑटो एक्सपोजर: मागे काळा पडदा आला की कॅमेरा उजळ करतो, पांढरी भिंत आली की काळा. हॉलमधला एकूण उजेड बदलत नसतो, म्हणून मॅन्युअलवर राहा आणि आयएसओही ऑटो ठेवू नका. ऑटो व्हाइट बॅलन्स: पांढऱ्या कागदावर एकदा स्वतः ठरवून घ्या. फ्लॅश चुकून उघडा राहिला असेल तर तो प्रत्येक फोटोला वेळेत भरत नाही आणि एकाआड एक काळा फोटो येतो. आणि खिडक्यांतून ऊन येत असेल तर ढग आणि ट्यूबलाइट दोन्ही मिळून गोंधळ घालतात. पडदे ओढून घ्या.

फोटो उजेडात बरे पण पुसट असतील तर नीट बघा, काय पुसट आहे. मॅट आणि जाळी धारदार पण खेळाडू पुसट असेल तर शटर हळू आहे. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला. खेळाडू पुसट आणि मागचे प्रेक्षक धारदार असतील तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि शटर वाढवणं हा फक्त पहिल्याचा आणि काही अंशी दुसऱ्याचा.

महाग कॅमेऱ्याने प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए नाइन थ्री मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी नोंद घेतो, त्यामुळे चौकटीतले पट्टे जातात. पण एक फोटो शिखरावर आणि पुढचा दरीत, हे त्यातही होऊ शकतं. अँटी-फ्लिकर तिथेही लावावंच लागतं.

काढून झालेले फोटो वाचवायचे असतील

रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढले असतील तर पूर्ण चौकट काळी किंवा पिवळी झालेले फोटो बरेचसे सावरता येतात. मालिकेतला एक चांगला फोटो समोर ठेवा आणि उजेड व रंग त्याच्याशी जुळवा. अर्ध्या अंधाऱ्या चौकटीला ग्रेडियंट लावून ती बाजू उचला. रंग अजिबात जुळत नसतील तर तो फोटो कृष्णधवल करा. मल्लखांबाला कृष्णधवल शोभून दिसतो, कारण शरीराचा ताण आणि खांबाची चमक त्यात उठून येते. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्वच्या विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत डीफ्लिकर आहे. सौम्य लुकलुक तो घालवतो, पण सरकते पट्टे पूर्ण जात नाहीत.

जनरेटरवर रात्रीची मॅच

हा शेवटचा भाग रात्रीच्या क्रिकेटवाल्यांसाठी. मैदानावरचे दिवे डिझेल जनरेटरवर असतील तर वारंवारता ५० वर स्थिर नसते, लोड वाढला-घटला की हलते. १/१०० लावूनही व्हिडिओत अंधुक पट्टा हळूहळू सरकताना दिसला तर कारण हेच. कॅमेऱ्यात शटर बारीक टप्प्यांत बदलायची सोय असेल, काही कॅमेऱ्यांत ती व्हेरिएबल शटर किंवा तशाच नावाने असते, तर पट्टा थांबेपर्यंत मूल्य एक-एक टप्पा सरकवा. नसेल तर १/५० वर या. दोन चक्रांचा उजेड एकत्र होतो तेव्हा थोडी तफावत कमी जाणवते. आणि चहाची किटली, डीजे, स्वागतकमानीची रोषणाई हे सगळं त्याच जनरेटरवर टाकू नका, असं आयोजकांना आधीच सांगून ठेवा.

हे सगळं मैदानावर पोचून लावत बसू नका. कॅमेऱ्याच्या डायलवर स्वतःच्या सेटिंगच्या दोन-तीन जागा असतात. एकीत १/१००० आणि अँटी-फ्लिकर, दुसरीत १/१०० पकडींसाठी, तिसरीत ५० फ्रेमचा व्हिडिओ, असं घरी भरून ठेवा. पाल-एनटीएससी बदलायचं असेल तर तेही आदल्या रात्रीच करा, कारण काही कॅमेऱ्यांत पद्धत बदलली की कार्ड नव्याने फॉरमॅट करावं लागतं, आणि त्यावर आधीच्या स्पर्धेचे फोटो अजून उतरवून घ्यायचे राहिलेले असू शकतात.